डॉ. विल्यम रेडफर्न: कैदी जहाजांचे आरोग्य सुधारणारा कैदी डॉक्टर

तापाची साथ आली की डॉक्टर तुम्हाला रुग्णाला वेगळे ठेवायला, खोलीत हवा खेळती ठेवायला आणि कपडे-अंथरूण स्वच्छ ठेवायला सांगतात. समुद्रप्रवासासाठी हेच नियम दोनशे वर्षांपूर्वी आग्रहाने मांडणारे एक डॉक्टर स्वतः जन्मठेपेचे कैदी होते.

फाशीची शिक्षा

विल्यम रेडफर्न ब्रिटिश नौदलात साहाय्यक शल्यचिकित्सक होते. १७९७ मध्ये थेम्सच्या मुखाशी, नोअर येथे खलाशांनी उठाव केला. रेडफर्न यांनी त्यांना एकजुटीचा सल्ला दिला. तेवढ्यावरून त्यांना फाशीची शिक्षा झाली. वय लहान म्हणून ती जन्मठेपेत बदलली. चार वर्षांच्या तुरुंगवासानंतर १८०१ मध्ये त्यांना ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या कैदी वसाहतीत पाठवले गेले.

तिथे डॉक्टरांची टंचाई होती. नॉरफोक बेटावर त्यांनी रुग्णसेवा केली आणि १८०३ मध्ये त्यांना माफी मिळाली. १८०८ मध्ये सिडनीत परत आल्यावर जवळ प्रमाणपत्र नव्हते, म्हणून त्यांनी पुन्हा परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले.

१८१४: तीन जहाजे

त्या वर्षी जनरल ह्यूइट, थ्री बीज आणि सरी ही कैदी जहाजे सिडनीला आली. जनरल ह्यूइटवरचे ३०० पैकी ३४ कैदी वाटेतच मरण पावले होते. सरीवर टायफसने ३६ कैदी गेले; कप्तान आणि डॉक्टरही वाचले नाहीत. उरलेल्यांना बंदराच्या उत्तर किनाऱ्यावर वेगळे ठेवावे लागले.

गव्हर्नर मॅक्वारी यांनी रेडफर्न यांच्याकडे अहवाल मागितला. त्यांनी सुचवले:

- कैद्यांना रोज डेकवर मोकळ्या हवेत आणावे.
- तळघरात हवा खेळती ठेवावी, जागा स्वच्छ आणि कोरडी असावी.
- अंघोळ, पुरेसे कपडे आणि पूर्ण शिधा मिळावा.
- प्रत्येक जहाजावर अनुभवी नौदल डॉक्टर असावा आणि त्याच्या हाती अधिकार असावेत.

पुढे प्रत्येक कैदी जहाजावर नौदलाचा डॉक्टर नेमला जाऊ लागला आणि प्रवासातले मृत्यू बरेच घटले.

हे उपाय का लागू पडले?

हा टायफस अंगावरच्या कपड्यांतील उवांमुळे पसरतो. हे १९०९ मध्ये सिद्ध झाले. रेडफर्न यांना ते माहीत असणे शक्यच नव्हते. पण अंघोळ, स्वच्छ कपडे आणि कमी गर्दी यांमुळे उवा आपोआप कमी होतात.

पुढे काय झाले?

१८१९ मध्ये मुख्य शल्यचिकित्सकाचे पद रिकामे झाले, पण अनुभव असूनही ते रेडफर्न यांना मिळाले नाही. मॅक्वारींनी त्यांना दंडाधिकारी नेमले, तर एका माजी कैद्याला हा मान कसा, असा आक्षेप आला आणि तेही पद गेले. सुटलेल्या कैद्यांच्या हक्कांसाठी ते १८२१ मध्ये इंग्लंडला गेले. १८३३ मध्ये एडिनबरो येथे त्यांचे निधन झाले. सिडनीतील रेडफर्न या उपनगराला त्यांचेच नाव आहे.

तुमच्यासाठी

टायफस आणि टायफॉइड हे वेगळे आजार आहेत. आपल्याकडे आढळणारा स्क्रब टायफस उवांमुळे नाही, तर झाडाझुडपांतील सूक्ष्म किड्यांच्या चाव्याने होतो. तीव्र ताप, डोकेदुखी, पुरळ किंवा अंगावर काळी खपली दिसली तर अंगावर काढू नका. वेळेवर योग्य प्रतिजैविक मिळाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात.