पोकळ सुईचा जनक : अम्मार बिन अली अल्-मौसिली

मुस्लिम शास्त्रज्ञांचा विषय निघाला की इब्न सीना, अल्-राझी, इब्न अल्-हैसम ही नावे आपल्या ओठांवर येतात. परंतु ज्यांच्या हातून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला नवी दिशा मिळाली, त्या अम्मार बिन अली अल्-मौसिली यांचा परिचय आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच असतो. ही उणीव भरून काढण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

अम्मार यांचा जन्म दहाव्या शतकात इराकमधील मोसल शहरी झाला. म्हणून ते ‘मौसिली’. डोळ्यांच्या वैद्याला अरबीत ‘कह्हाल’ म्हणत. कुहल, म्हणजे सुरमा, यावरून हा शब्द आला. अम्मार हे फिरते कह्हाल होते. एका बाजूस खुरासान, तर दुसऱ्या बाजूस पॅलेस्टाईन आणि इजिप्त इथपर्यंत प्रवास करीत त्यांनी रुग्ण तपासले, शस्त्रक्रिया केल्या. अखेरीस ते इजिप्तमध्ये स्थिरावले. तेथे फातिमी खलिफा अल्-हाकिम यांची राजवट (९९६ ते १०२१) होती. प्रकाशशास्त्राचे महापंडित इब्न अल्-हैसम हेही याच राजवटीत इजिप्तला आले होते.

त्या काळी मेंदूतून पाणी उतरते, बाहुलीमागे साचते आणि गोठते, म्हणजेच मोतीबिंदू होतो, अशी समजूत होती. युनानी वैद्यकातील ‘नुजूलुलमा’ हे मोतीबिंदूचे नाव त्यातूनच आले. उपाय एकच होता. डोळ्यात सुई घालून तो पडदा खाली ढकलायचा. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही शलाकेने मोतीबिंदू दूर सारण्याची क्रिया सांगितली आहे. परंतु ढकललेला मोतीबिंदू पुन्हा वर येण्याची धास्ती असे. त्यासाठी रुग्णाला उताणे, निश्चल पडून राहावे लागे. छेद घेऊन काचेच्या नळीने मोतीबिंदू ओढून घेण्याची रीतही काहींना ठाऊक होती. पण छेदातून डोळ्यातील द्रव वाहून गेला तर डोळाच जायचा, हा धोका अम्मार यांनी ओळखला.

मग त्यांनी धातूची पोकळ सुई तयार केली. नेहमीच्या सुईप्रमाणे ती आत शिरे, मोठ्या छेदाची गरज उरत नसे आणि मोतीबिंदू तिच्यातून शोषून बाहेर काढता येई. साधन हाती आले, तरी अम्मार यांनी ते लगेच कोणावर वापरले नाही. पुढे पॅलेस्टाईनमधील तबरिया गावी एक रुग्ण त्यांच्याकडे आला. शस्त्रक्रिया हवी तशी करा, पण मला उताणे निजता येत नाही, अशी त्याची अडचण होती. जुन्या पद्धतीत अशा माणसावर इलाज करणे कठीण. अम्मार यांनी त्याच्यावर प्रथमच पोकळ सुई वापरली. मोतीबिंदू निघाला, त्या माणसाला तत्काळ दिसू लागले आणि तो हवा तसा निजू शकला. सात दिवस डोळ्यावर पट्टी, एवढेच पथ्य. पुढे इजिप्तमध्ये त्यांनी या सुईने अनेक शस्त्रक्रिया केल्या.

ही हकिकत आपल्यापर्यंत पोहोचली ती अम्मार यांच्या लेखणीमुळे. खलिफा अल्-हाकिम यांच्यासाठी त्यांनी नेत्रविकारांवर ‘अल्-मुन्तखब’ हा ग्रंथ लिहिला. त्यात डोळ्यांच्या ४८ विकारांची माहिती आहे. शस्त्रक्रियेपूर्वी बाहुली उजेडाला प्रतिसाद देते की नाही हे पाहावे, असेही त्यांनी सांगितले. शिवाय मोतीबिंदूच्या सहा शस्त्रक्रियांच्या हकिकती त्यांनी रुग्णागणिक नोंदवल्या आहेत.

तरीही ग्रंथाच्या नशिबी उपेक्षाच आली. समकालीन बगदादचे अली बिन ईसा यांचा अधिक विस्तृत ग्रंथ सर्वत्र चालला आणि अम्मार मागे पडले. तेराव्या शतकात नाथन हा-मेआती या ज्यू अनुवादकाने ‘अल्-मुन्तखब’ हिब्रूत नेला. १९०५ साली जर्मन नेत्रतज्ज्ञ युलिउस हिर्शबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जर्मन भाषेत आणला, तेव्हा आधुनिक जगाला अम्मार यांची थोरवी कळली.

मोतीबिंदू म्हणजे उतरलेले पाणी नसून गढूळ झालेले नेत्रभिंगच होय, हे युरोपात अठराव्या शतकाच्या प्रारंभी सिद्ध झाले. म्हणजे अम्मार यांच्या काळचा सिद्धांत चुकीचा होता. पण त्यांचे निरीक्षण व हात अचूक होते. त्यांच्या सुईलाही मर्यादा होती. तरुणांचा मऊ मोतीबिंदू शोषला जाई, वृद्धांचा कठीण मोतीबिंदू नव्हे. ती अडचण १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी दूर केली. ध्वनिलहरींनी कंप पावणाऱ्या पोकळ सुईने त्यांनी कठीण भिंगही फोडून शोषून घेतले. आज जगभर हीच पद्धत रूढ आहे, आणि मुलांचा मऊ मोतीबिंदू तर आजही शोषूनच काढतात.

वैद्यकीय शिक्षणाकडे वळणाऱ्या आपल्या मुलामुलींनी अम्मार यांच्याकडून एवढे अवश्य घ्यावे : रुग्णाची अडचण लक्षपूर्वक ऐकावी, आणि जे केले ते लिहून ठेवावे. तबरियाच्या त्या रुग्णाची नोंद अम्मार यांनी केली नसती, तर पोकळ सुईची ही कथा त्यांच्याबरोबरच संपली असती.