सुगरणीचे घरटे आणि डोळ्यांची अमानत : डॉ. सलीम अली



सूरह बनी इस्राईलमध्ये अशी ताकीद आहे की, ज्याचे ज्ञान नाही त्याच्यामागे माणसाने जाऊ नये. कान, डोळे आणि अंतःकरण या सर्वांविषयी त्याला जाब द्यावा लागणार आहे. ही ताकीद आपण बहुधा अफवा आणि निंदा यांच्या संदर्भात ऐकतो. वास्तविक ती ज्ञानसाधनेलाही तितकीच लागू आहे. डोळ्यांची अमानत कशी जपावी, हे समजून घेण्यासाठी या वेळी आपण थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचे जीवन पाहू.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बालपणीच माता-पित्याचे छत्र हरपले आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी या यतीम मुलाचा सांभाळ केला. सुमारे दहा वर्षांचे असताना त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. अशा पक्ष्याचे मांस हलाल आहे काय, हा प्रश्न घेऊन ते मामांकडे गेले, असे सांगतात. मामांनी अंदाजाने उत्तर दिले नाही. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला, संग्रहातील शेकडो पक्षी दाखविले आणि वाचण्यास पुस्तके दिली. एका प्रश्नाचा असा आदर झाला आणि त्यातून एक आयुष्य घडले.

पुढची वाट मात्र सोपी नव्हती. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात कौटुंबिक व्यवसायासाठी गेले. परतल्यावर प्राणिशास्त्र शिकले, पण विद्यापीठाची पदवी कधीच मिळविली नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून काम केल्यानंतर ते बर्लिनला प्राध्यापक श्ट्रेझेमान यांच्याकडे पक्षिशास्त्र शिकले. १९३० मध्ये मायदेशी परतले, तेव्हा निधीअभावी त्यांचे पदच रद्द झालेले होते. 

बेकारीच्या त्या दिवसांत ते पत्नी तेहमिना बेगम यांच्यासह अलिबागजवळच्या किहीम गावी राहू लागले. घराजवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सलीम अली पावसाळाभर शिडीच्या आडोशाला बसून ती निरखीत राहिले. 

वाचकहो, येथे क्षणभर आपल्या भाषेकडे पाहा. सुगरण म्हणजे गृहकृत्यात निपुण स्त्री. मराठीने या पक्ष्याला स्त्रीलिंगी नाव दिले आणि खोपा विणणारी ती मादीच, असे आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात गवताची व भाताच्या पात्यांची एकेक चीर आणून घरटे विणतो तो नर. घरटे अर्धे झाले की माद्या येऊन त्याची पारख करतात. एखादीने ते पसंत केले की नर ते पूर्ण करतो; नापसंत घरटी तशीच लोंबत राहतात. मादी अंडी उबवू लागली की नर दुसर्‍या घरट्याला आरंभ करतो आणि दुसरी मादी मिळवितो. हा सगळा क्रम सलीम अलींनी नोंदवून १९३१ साली प्रसिद्ध केला.

भाषा आपल्याला जग दाखविते. पण कधी कधी आपल्याऐवजी तीच पाहू लागते. हदीसच्या इमामांनी ऐकलेली प्रत्येक रिवायत रावी तपासूनच स्वीकारली. सलीम अलींनी पक्ष्यांच्या बाबतीत हीच शिस्त पाळली. आधीच्या ग्रंथांचा त्यांनी मान राखला, परंतु साक्ष स्वतःच्या डोळ्यांची घेतली.

पुढे त्यांनी हैदराबादसह अनेक संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. १९३९ मध्ये तेहमिना बेगम यांचे निधन झाले; या आघातानंतरही काम थांबले नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे विख्यात पुस्तक आले आणि १९६८ ते १९७४ या काळात डिलन रिप्ले यांच्यासह दहा खंडांचा महाग्रंथ पूर्ण झाला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. पद्मभूषण आणि पद्मविभूषण हे किताबही लाभले. १९८७ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांनी जगाचा निरोप घेतला. पूर्वी आपल्या भंडारा जिल्ह्यात असलेल्या आणि आता गोंदियात गेलेल्या नवेगाव बांधच्या पक्षी अभयारण्याला त्यांचे नाव आहे.

धर्माचरणाच्या बाबतीत ते आपल्यासाठी आदर्श होते, असा दावा येथे नाही. बाह्य कर्मकांडाविषयी त्यांच्या मनात शंका होत्या. त्यांचा हिशेब अल्लाहकडे आहे. परंतु मोमिनाने हिकमतीची गोष्ट जेथे मिळेल तेथून घ्यावी. ज्या ग्रंथात आकाशात पंख पसरणार्‍या पक्ष्यांकडे पाहण्याचे आवाहन आहे, त्याचे वाचक आपण आहोत; मग पाहण्याचे काम आपण इतरांवर का सोपवावे? दीनी इल्म आणि दुनियावी इल्म अशी भिंत उभी करून आपण मुलांचे प्रश्न बाहेरच ठेवतो आणि मग आपल्या वस्तीत संशोधक का निपजत नाहीत, म्हणून खंत करतो.

आपला जिल्हा तलावांचा आणि धानाचा आहे. पावसाळ्यात पाण्यावर झुकलेल्या सिंदीला सुगरणीचे खोपे लोंबतात. मुलांना तेथे अवश्य न्या. खोपा तोडून घरी शोभेसाठी आणू देऊ नका, तो विणला जाताना पाहू द्या. आणि मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल, तर अमीरुद्दीन मामांप्रमाणे त्याला जाणकाराच्या दारी पोहोचवा.

अल्लाह आपल्याला लाभदायक ज्ञान आणि ते पारखणारी दृष्टी देवो. आमीन.