जेसी ओवेन्स : वेग आणि विद्या

शाळेच्या वार्षिक क्रीडास्पर्धांच्या दिवशीं जो मुलगा सर्वांच्या पुढें धांवत येतो, त्याचें नांव त्या सायंकाळीं प्रत्येकाच्या तोंडीं असतें. मित्र त्यास खांद्यावर घेऊन नाचतात, शिक्षक त्याची पाठ थोपटतात आणि आईबापांस धन्यता वाटते. त्या मुलाचें पुढें काय व्हावें, हा विचार मात्र अशा वेळीं फार थोड्यांच्या मनांत येतो. अमेरिकेंत तर अशा मुलाभोंवतीं लवकरच गर्दी जमते. कॉलेजांचे क्रीडाशिक्षक, माजी विद्यार्थी आणि हितचिंतक आपल्याच संघांत येण्याविषयीं त्याची मनधरणी करूं लागतात. हायस्कूलचा अभ्यास पुरा होण्यापूर्वींच त्याचें वचन आपल्या पदरांत पडावें, अशी प्रत्येकाची घाई असते. ही घाई आज पुष्कळ वाढली आहे. परंतु ती नवी नव्हे. १९३३ सालीं क्लीव्हलंड शहरांतील एका गरीब मुलास तिचा अनुभव आला. तो मुलगा म्हणजे पुढें जगांतील सर्वांत वेगवान पुरुष म्हणून गाजलेला जेसी ओवेन्स. त्याचीं चार सुवर्णपदकें सर्वांस ठाऊक आहेत. परंतु त्याच्या चरित्रांतील जो भाग विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं विशेष लक्षांत ठेवावा, तो पदकांच्या चकाकीमुळें झांकला जातो.

जेसीचा जन्म १२ सप्टेंबर १९१३ रोजीं अमेरिकेच्या दक्षिण भागांतील अलाबामा संस्थानांत, ओकव्हिल नांवाच्या खेड्यांत झाला. तो कृष्णवर्णीय कुटुंबांतील. त्याच्या आजोबांनीं गुलामगिरी भोगली होती, आणि बाप हेन्री ओवेन्स हा दुसऱ्याच्या जमिनींत अर्धेलीनें कापूस पिकवून संसार चालवीत असे. दहा भावंडांत जेसी सर्वांत धाकटा. लहानपणीं छातीच्या विकारानें तो वारंवार आजारी पडे. हें पोर जगेल कीं नाहीं, याचीच आईस चिंता वाटे. तो सुमारें नऊ वर्षांचा असतांना हें कुटुंब पोटासाठीं गांव सोडून उत्तरेकडील क्लीव्हलंड शहरीं आलें. त्याचें खरें नांव जेम्स क्लीव्हलंड. घरीं त्यास आद्याक्षरांवरून जे. सी. म्हणत. नव्या शाळेंत बाईंनीं नांव विचारलें, तेव्हां त्याच्या दक्षिणी उच्चारामुळें बाईंना तें जेसी असें ऐकूं आलें. तेंच हजेरीपटावर चढलें आणि पुढें तेंच जगभर झालें.

फेअरमाउंट येथील शाळेंत त्यास चार्ल्स रायली नांवाचे व्यायामशिक्षक भेटले. मुलाच्या पायांतील गुण त्यांनीं ओळखला. परंतु शाळा सुटल्यावर जेसीस घरच्या मदतीसाठीं जोडे दुरुस्त करण्याच्या दुकानांत व अन्यत्र काम करावें लागे. तेव्हां रायली स्वतःच सकाळीं शाळा भरण्यापूर्वीं येऊन त्यास धांवण्याचे धडे देऊं लागले. ते गौरवर्णीय होते. पण या कृष्णवर्णीय मुलास त्यांनीं पुत्राप्रमाणें मानलें, प्रसंगीं आपल्या घरीं नेऊन खाऊंपिऊं घातलें. जमीन तापलेली असावी व तिच्यावर पाऊल क्षणभरहि टेंकूं नये, अशा हलकेपणानें धांवण्यास त्यांनीं त्यास शिकविलें. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे येत्या आठवड्याच्या शर्यतीकडे न पाहतां चार वर्षांपुढें काय साधावयाचें आहे तिकडे दृष्टि ठेवण्यास शिकविलें. १९३२ सालीं ऑलिंपिकच्या निवडीसाठीं जेसी धांवला आणि हरला. तरी गुरुशिष्यांनीं धीर सोडला नाहीं.

पुढच्याच वर्षीं, जून १९३३ मध्यें, शिकागो शहरीं साऱ्या देशांतील हायस्कुलांच्या स्पर्धा भरल्या. ईस्ट टेक्निकल हायस्कूलच्या वतीनें जेसी तेथें उतरला. १०० यार्डांची शर्यत त्यानें ९.४ सेकंदांत जिंकून जागतिक विक्रमाशीं बरोबरी केली, २२० यार्डांचें अंतर २०.७ सेकंदांत तोडलें, आणि लांब उडींत २४ फुटांहून अधिक मजल मारली. गांवीं परत येतांच त्याची मिरवणूक निघाली. ज्या शहरांत कांहीं वर्षांपूर्वीं त्याचा बाप काम शोधीत फिरत होता, त्याच शहराच्या रस्त्यांतून त्याचा मुलगा गाडींत बसून लोकांचें अभिवादन घेत चालला होता.

या मिरवणुकीबरोबरच ओढाताणीस प्रारंभ झाला. अनेक कॉलेजांस हा मुलगा हवा होता. त्या काळीं हौशी खेळाडूनें खेळासाठीं पैसा घेणें हा मोठा अपराध मानला जाई. म्हणून कोणी उघड वेतन देऊं करीत नसे. परंतु राहण्याची सोय, काम मिळवून देण्याचें आश्वासन, घरच्यांस हातभार, अशा गोष्टी बोलल्या जात. जेसीची स्थिति तर अशी, कीं तो काळ भयंकर मंदीचा; बापाच्या कामाची शाश्वति नाहीं; पुढें त्याची पत्नी झालेली रूथ सॉलोमन व तान्ही मुलगी यांचीहि जबाबदारी त्याच्यावर. वय एकोणीस वर्षांचें. त्याची शाळा मुख्यतः धंदेशिक्षणाची असल्यामुळें विद्यापीठाच्या अभ्यासाची बैठक त्यास नीट लाभली नव्हती. आपला पाया कच्चा आहे, आपणांस अभ्यासांत कोण साह्य करील, हें विचारावयास त्यास कोणीं शिकविलें नव्हतें, आणि बोलावणाऱ्यांपैकीं बहुतेकांचें लक्ष घड्याळाच्या कांट्यावर होतें.

अखेरीस त्यानें आपल्याच संस्थानांतील ओहायो स्टेट विद्यापीठ पसंत केलें. कृष्णवर्णीयांच्या कांहीं वर्तमानपत्रांस ही निवड रुचली नाहीं. जें विद्यापीठ आमच्या मुलांस समानतेनें वागवीत नाहीं, त्यास जेसीनें आपल्या कीर्तीचें भूषण कां द्यावें, असा त्यांचा आक्षेप होता. तो निराधार नव्हता. १९३३ च्या शरदांत जेसी तेथें दाखल झाला, तेव्हां विद्यापीठाच्या आवारांतील वसतिगृहांत त्यास जागा नव्हती. कृष्णवर्णीय सोबत्यांसह त्यास बाहेर बिऱ्हाड करावें लागलें. जवळपासच्या उपाहारगृहांत त्यास प्रवेश नसे. परगांवच्या शर्यतींस गेल्यावर कित्येक हॉटेलांचे दरवाजे त्याच्यापुरते बंद होत. शिष्यवृत्ति नव्हतीच. संस्थानाच्या विधिमंडळाच्या इमारतींत सामान वाहणारी लिफ्ट रात्रीं चालविण्याचें काम त्यास मिळालें. दिवसा वर्ग, दुपारीं मैदान, रात्रीं लिफ्ट, असा त्याचा क्रम होता.

न्यायाच्या दृष्टीनें हेंहि सांगितलें पाहिजे, कीं तेथें त्यास लॅरी स्नायडर यांच्यासारखा कुशल आणि ममताळू क्रीडाशिक्षक लाभला. स्नायडर यांनीं त्याची शर्यतीची सुरुवात व उडीचें तंत्र सुधारलें. त्याचें फळ २५ मे १९३५ रोजीं ॲन आर्बर येथें दिसलें. पडल्यामुळें जेसीची पाठ इतकी दुखत होती, कीं तो धांवेल कीं नाहीं हीच शंका होती. तरी त्या दिवशीं सुमारें पाऊण तासाच्या अवधींत त्यानें १०० यार्डांच्या जागतिक विक्रमाशीं बरोबरी केली आणि तीन नवे विक्रम केले : २२० यार्डांस २०.३ सेकंद, तितक्याच अंतराच्या अडथळ्यांच्या शर्यतीस २२.६ सेकंद, आणि लांब उडी २६ फूट ८ १/४ इंच. हा उडीचा विक्रम १९६० पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षें, कोणास मोडतां आला नाहीं.

मैदानावर विक्रम होत असतांना वर्गांत मात्र तो मागें पडत होता. प्रवास, सराव आणि रात्रींचें काम यांमधून पुस्तकांस उरेल तो वेळ थोडा, आणि त्याची वृत्तीहि पुस्तकांत रमणारी नव्हती. त्याचे गुण इतके घसरले, कीं एकदां तर विद्यापीठातर्फे धांवण्याची त्यास मनाई झाली. मैदानावर त्याच्या पावलापावलाची मोजदाद करणारे पुष्कळ होते. वर्गांत तो मागें राहिला, हें पाहून हात देणारे थोडे होते.

१९३६ च्या ऑगस्टमध्यें बर्लिन येथें ऑलिंपिक सामने झाले. जर्मनींत त्या वेळीं हिटलरची सत्ता असून, गोऱ्या आर्य वंशाचें श्रेष्ठत्व जगास दाखविण्याचा त्याच्या पक्षाचा हेतु होता. त्याच मैदानावर ३ ऑगस्टला १०० मीटर, ४ ला लांब उडी, ५ ला २०० मीटर, आणि ९ ला चौघांची रिले शर्यत, अशीं चार सुवर्णपदकें या अर्धेलीकऱ्याच्या मुलानें जिंकलीं. लांब उडींत दुसरा आलेला जर्मन खेळाडू लुट्स लाँग यानें हजारों प्रेक्षकांदेखत त्याचें अभिनंदन केलें व त्याच्या हातांत हात घालून तो मैदानावर चालला. मैत्री वंश पाहत नाहीं, याची ती साक्ष होती.

कथा येथें संपली असती, तर ती मोठी गोड झाली असती. परंतु सामने संपतांच अमेरिकेच्या हौशी क्रीडामंडळानें निधि जमविण्यासाठीं आपल्या खेळाडूंस यूरोपभर धांवावयास लाविलें. जेसी थकला होता, त्याच्या खिशांत पैसा नव्हता, आणि घरून द्रव्याच्या मोठमोठ्या आमिषांच्या तारा येत होत्या. त्यानें स्वीडनला जाण्याचें नाकारलें. मंडळानें तत्काळ त्यास हौशी खेळांतून काढून टाकलें. अशा रीतीनें तेवीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच जगांतील सर्वांत वेगवान धांवपटूची धांव संपली. पदवी हातीं नव्हती. तारांतील बहुतेक आमिषें पोकळ ठरलीं. न्यूयॉर्क येथें एका मोठ्या हॉटेलांत त्याचा सत्कार झाला. त्या समारंभासहि त्यास सामानाच्या लिफ्टमधून वर जावें लागलें. विद्यार्थी असतांना जी चालवून तो पोट भरीत असे, तसलीच ती लिफ्ट.

पुढें पोटासाठीं तो प्रदर्शनांतून धांवला; १९३६ च्या डिसेंबरांत हवाना येथें तर घोड्याबरोबर धांवला. कपडे धुण्याचा धंदा काढला, तो बुडाला, आणि १९३९ सालीं दिवाळें निघालें. तेव्हां त्यास आपल्या अपुऱ्या शिक्षणाची आठवण झाली. १९४० सालीं, तीन मुलींचा बाप असतांना, तो पुन्हां ओहायो स्टेट विद्यापीठांत जाऊन बांकावर बसला. ज्या जगानें त्याचें नांव डोक्यावर घेतलें होतें, त्या जगासमोर पुन्हां विद्यार्थी होणें यास बर्लिनमधील शर्यतीइतकेंच धैर्य लागतें. परंतु पूर्वीचे गुण फार खालचे होते, पाया तसाच कच्चा होता, आणि संसाराचें ओझें वाढलें होतें. सुमारें वर्षभर झगडून त्यास तो अभ्यास सोडावा लागला. ही एक शर्यत त्याच्या हातून कायमची निसटली.

तरी तो कडवट झाला नाहीं, हें त्याचें खरें मोठेपण. युद्धकाळांत त्यानें डेट्रॉइट येथें फोर्ड कारखान्यांत कृष्णवर्णीय कामगारांच्या भरतीचें व हिताचें काम पाहिलें. पुढें शिकागोंत मुलांच्या क्रीडाकार्यांत तो रमला. १९५५ सालीं अमेरिकन सरकारनें त्यास सदिच्छादूत म्हणून आशियांत पाठविलें, तेव्हां तो आपल्या हिंदुस्थानांतहि आला होता. १९७२ सालीं ओहायो स्टेट विद्यापीठानें त्यास सन्मानाची डॉक्टर पदवी दिली. जी साधी पदवी त्यास मिळवितां आली नव्हती, ती त्याच विद्यापीठांतून त्याच्या मार्लिन नांवाच्या मुलीनें मिळविली; इतकेंच नव्हे, तर ज्या आवारांत बापास राहावयास जागा नव्हती, तेथील विद्यार्थ्यांनीं १९६० सालीं तिला आपल्या वार्षिक उत्सवाची राणी निवडलें. ३१ मार्च १९८० रोजीं फुफ्फुसाच्या कर्करोगानें जेसी ओवेन्सचें निधन झालें.

विद्यार्थिमित्रहो, हिशेब करून पाहा. बर्लिननंतर जेसी ४३ वर्षें जगला. आणि ज्या धांवण्यासाठीं साऱ्यांनीं त्यास ओढलें, तें हायस्कुलानंतर अवघीं तीन वर्षें टिकलें. रायली गुरुजींनीं त्यास चार वर्षांपुढें पाहण्यास शिकविलें, हें त्यांचे थोर उपकार. परंतु मनुष्यास चाळीस वर्षांपुढचें पाहणारा कोणी तरी हवा असतो. तो कोणी म्हणजे घरचीं वडील माणसें. पालकहो, उद्यां तुमच्या मुलाचे पाय, हात किंवा गळा पाहून कोणी घाईनें दारीं आला, तर त्याचा सत्कार करा. पण आणखी एक दिवस मागून घ्या, आणि इतकेंच विचारा : मुलाची धांव थांबेल त्या दिवशीं त्याच्या हातीं काय असेल? या प्रश्नाचें उत्तर जो नीट देईल, त्याच्या हातीं मूल खुशाल सोंपवावें. आणि जो तो ऐकून आणखी घाई करील, त्यास उंबऱ्यावरूनच नम्रपणें निरोप द्यावा.