जागेवरून ठरतो रंग!

सोलापूरकरांनो, मागांचा खडखडाट तुम्हाला नवा नाही. रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड वर्नरही कापडगिरण्यांच्याच गावचा. १८६६ साली फ्रान्समधल्या म्युलूझ इथं जन्म, वडील कारखान्यात कामाला.

१८९३ मध्ये, अवघ्या २६ व्या वर्षी, झुरिकमधून या पठ्ठ्यानं मांडलं की संयुगात कोबाल्टचा अणू मधोमध बसतो आणि त्याच्याभोवती ठरलेल्या सहा जागा असतात. समजा, तिथं चार अमोनिया आणि दोन क्लोरीन बसवले. क्लोरीन समोरासमोर आले तर रंग हिरवा, शेजारी-शेजारी आले तर जांभळा. माल तोच, फक्त बैठक वेगळी! हाच आयसोमेरिझम.

पण अमोनियावाला तो जांभळा पदार्थ होता कुठं? डेन्मार्कचे मुरलेले संशोधक योर्गेन्सेन मानेनात. वर्नरनं चिकाटी सोडली नाही. १४ वर्षांनी, १९०७ मध्ये, तो पदार्थ हाती आला आणि योर्गेन्सेननी माघार घेतली. १९१३ ला नोबेल मिळालं. १९१९ ला, ५२ व्या वर्षी, वर्नर गेला.

उद्या एमएस्सीच्या लॅबमध्ये तुम्ही मॉलिब्डेनम कार्बोनिलमधले दोन कार्बन मोनॉक्साइड हटवून तिथं ट्रायफिनाइलफॉस्फिन बसवाल. शेजारी बसलेली ही जोडी तापवली की समोरासमोर जाते. तेव्हा वर्नरची आठवण काढा. त्या सहा जागा त्यानंच दाखवल्यात!