जागा चुकली की घात

भारतीय पॅथॉलॉजीचे जनक मानले जाणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १८९५ चा. लंडनला शिकून ते मुंबईत परतले, वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागले. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्या हाती आली.

रुग्णाच्या गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना ते त्याच्या सवयीही पाहत. १९४५ मध्ये सूर्याबाई यांच्यासोबत त्यांनी भारतातले तीन वेगळे कर्करोग मांडले. चुना-तंबाखू खालच्या ओठात धरणाऱ्यांना ओठाच्या आत, चुट्ट्याचे जळते टोक तोंडात ठेवून ओढणाऱ्यांना टाळूला, तर धोतर घट्ट कसणाऱ्यांना कमरेवर. जिथे रोजचा दाह, तिथे रोग. १९५२ मध्ये त्यांनी मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे केले. १९५५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

१९७८ मध्ये ते गेले. दुसऱ्याच वर्षी पी-५३ हे प्रथिन सापडले आणि जागेचा प्रश्न थेट पेशीच्या आत पोहोचला. पेशीतल्या प्रत्येक प्रथिनाची कामाची जागा ठरलेली असते. पी-५३ ने केंद्रकात राहून बिघडलेल्या पेशीची वाढ रोखायची असते. काही कर्करोगांत ते केंद्रकाबाहेरच अडकते. पहारेकरी असतो, पण दारावर नसतो. बीटा-कॅटेनिनचे उलट. पेशीच्या कडेला राहून ते शेजारच्या पेशींना जोडून ठेवते. मोठ्या आतड्याच्या अनेक कर्करोगांत ते केंद्रकात साचते आणि वाढीची जनुके चालू करते. आता विशेष रंग देऊन प्रथिन पेशीत नेमके कुठे आहे, हे पॅथॉलॉजिस्टला पाहता येते. काही गाठींचे निदान त्यावरून पक्के होते.

पेशीतली जागा आपल्या हातात नाही, गालातली आहे. आमच्या केळापूर तालुक्यात पानठेल्यावर घोटलेला खर्रा तासन्‌तास एकाच गालात धरणारे कमी नाहीत. खानोलकरांनी दाखवलेला धोका तोच आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, किंवा तोंडात तीन बोटे उभी जात नसतील, तर दुखण्याची वाट पाहू नका. सुरुवातीला हा रोग बहुधा दुखत नाही. जवळच्या सरकारी दवाखान्यात तोंड दाखवा, आणि खर्रा आजच सोडा.