ढगांच्या नादी लागलेला माणूस

वीज कडाडते तेव्हा नुसता लखलखाट आणि गडगडाट होत नाही, तर एक्स-रेसुद्धा सुटतात. हे पक्कं कळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. पण स्कॉटलंडच्या एका लाजाळू माणसाने त्यामागची मूळ कल्पना १९२५ मध्येच मांडून ठेवली होती. त्याचं नाव चार्ल्स थॉमसन रीस विल्सन.

१४ फेब्रुवारी १८६९ ला एडिंबराजवळच्या एका शेतघरात चार्ल्स जन्मला. वडील मेंढ्या पाळणारे शेतकरी. चार्ल्स चार वर्षांचा असताना ते गेले आणि कुटुंब मँचेस्टरला आलं. परिस्थिती बेताचीच. पण थोरला सावत्र भाऊ विल्यम तेव्हाच्या कलकत्त्यात व्यवसाय करायचा. त्याच्या मदतीवर चार्ल्स शिकला. डॉक्टर व्हायचं म्हणून त्याने आधी जीवशास्त्र घेतलं. मग १८८८ मध्ये स्कॉलरशिप मिळवून केंब्रिजला गेला आणि तिथे फिजिक्सच्या प्रेमात पडला तो कायमचाच.

दोन आठवडे डोंगरावर

सप्टेंबर १८९४ मध्ये तो बेन नेव्हिसवर गेला. १३४५ मीटर उंचीचं हे ब्रिटनमधलं सर्वोच्च शिखर. माथ्यावर तेव्हा हवामानाची वेधशाळा होती. तिथल्या दोन आठवड्यांत सूर्य उगवला की खालच्या ढगांवर रंगीत कडी उमटताना त्याने पाहिली. हे आपल्याला प्रयोगशाळेत करता येईल का, असा किडा डोक्यात वळवळायला लागला. पुढच्या वर्षी, जून १८९५ मध्ये तो त्याच डोंगररांगेत असताना वादळ आलं. अचानक डोक्यावरचे केस ताठ उभे राहिले! वीज पडणार हे ओळखून तो धूम पळत खाली सुटला. जीव वाचला, पण ढगांमधल्या विजेने त्याला पकडलं ते पकडलंच.

केंब्रिजमध्ये त्याने काचेच्या भांड्यात ढग बनवायला आधीच घेतले होते. दमट हवा एकदम प्रसरण पावू दिली की ती थंड होते आणि धुकं धरतं. १८९६ च्या सुरुवातीला त्याने या भांड्यावर नुकतेच सापडलेले एक्स-रे सोडले, तर आत दाट धुकंच झालं. एक्स-रेमुळे हवेत विद्युतभारित कण तयार होतात आणि पाण्याचे थेंब त्या कणांवर धरतात, हे त्यातून स्पष्ट झालं. काच स्वतः फुंकायची, ती तडकायची, पुन्हा फुंकायची. असं करत १९११ मध्ये विल्सन यांनी अणूंपेक्षाही सूक्ष्म कणांच्या वाटेचे फोटो काढले. हाच तो क्लाउड चेंबर. त्यासाठी १९२७ चं नोबेल त्यांना आर्थर कॉम्प्टन यांच्यासोबत विभागून मिळालं.

निसटलेलं आणि न सोडलेलं

एक मोठा शोध मात्र हातातून निसटला. बंद भांड्यातल्या हवेतही थोडे विद्युतभारित कण सतत का तयार होतात, हे कोडं होतं. पृथ्वीबाहेरून काही किरण येत असतील का, अशी शंका त्यांना १९०१ मध्येच आली. मग रात्री गाड्या थांबल्यावर ते उपकरण घेऊन स्कॉटलंडमधल्या एका रेल्वे बोगद्यात गेले. वर एवढा खडक, तरी फरक काहीच दिसेना. त्यांनी ती कल्पना सोडून दिली. १९१२ मध्ये व्हिक्टर हेस यांनी फुग्यातून आकाशात जाऊन हेच वैश्विक किरण शोधले आणि पुढे नोबेल मिळवलं.

विजेची कल्पना मात्र विल्सन यांनी सोडली नाही. ती अशी. कॉलेजच्या कॉरिडॉरमधून रमतगमत चाललात तर दर दोन पावलांवर कुणीतरी थांबवतं. सुसाट पळालात तर थांबवायला कुणाला वेळच मिळत नाही. इलेक्ट्रॉनचंही तसंच. हळू इलेक्ट्रॉन हवेच्या अणूंना धडकत ऊर्जा गमावतो. आधीच वेगात असलेला इलेक्ट्रॉन मात्र कमी गमावतो आणि ढगातल्या जबर विद्युतक्षेत्राकडून जास्त कमावतो. कमाई खर्चापेक्षा वाढली की तो उधळतो, जवळजवळ प्रकाशाच्या वेगापर्यंत. असा उधळलेला इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना वळला की एक्स-रे किंवा गॅमा किरण बाहेर पडतात.

१९३० च्या दशकात त्यांचे विद्यार्थी बेसिल शॉनलंड यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या वादळांत हे इलेक्ट्रॉन शोधले, पण ठोस काही हाती लागलं नाही. विल्सन बोलताना अडखळायचे, गाजावाजा त्यांना जमायचा नाही. १९३४ ला निवृत्त झाल्यावरही त्यांचं काम चालूच राहिलं. १९५५ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, हवामानशास्त्राच्या विद्यार्थ्यांसोबत ते पहिल्यांदा विमानात बसले, ढग बघायला! पुढच्याच वर्षी त्यांनी वादळी ढगांच्या विजेवरचा शेवटचा पेपर छापला. १५ नोव्हेंबर १९५९ ला, जन्मगावाजवळच्याच कार्लॉप्समध्ये ते गेले. पुरावा तोवर आलेला नव्हता.

मग पुरावे आले

१९९४ मध्ये वादळांच्या वरून निघणाऱ्या गॅमा किरणांच्या क्षणिक झोतांची बातमी आली. ते टिपणाऱ्या उपग्रहाला नाव होतं कॉम्प्टन यांचं, विल्सनसोबत नोबेल मिळालेले तेच कॉम्प्टन. २००१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या डोंगरावर नैसर्गिक विजेतून आणि २००३ मध्ये फ्लोरिडात, रॉकेट सोडून मुद्दाम पाडलेल्या विजेतून, ही किरणं मोजली गेली.

एक पुरावा आपल्याकडचाही आहे. वादळी ढगात अब्जावधी व्होल्टचा दाब असू शकतो, असा विल्सन यांचा अंदाज होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या उटीमधल्या ग्रेप्स-३ प्रयोगाने १ डिसेंबर २०१४ ला एक वादळ मोजलं. २०१९ मध्ये आकडा जाहीर झाला: सुमारे १.३ अब्ज व्होल्ट. केस उभे राहिले म्हणून डोंगरावरून पळालेल्या त्या पोराचा अंदाज जवळपास ९० वर्षांनी बरोबर ठरला.