गाडगेबाबा : खराट्याच्या पलीकडचे



20 डिसेंबर जवळ आला की आपल्या शाळांत काय होतं, तुम्हाला माहीतच आहे. गाडगेबाबांचा फोटो, हार, दोन मुलांची भाषणं आणि मग सगळ्यांच्या हातात झाडू. मीही बारा वर्षं हेच करत आलोय. गेल्या वर्षी मात्र एक प्रसंग घडला आणि मला बाबा पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागले.

झालं असं की, चौथीच्या वर्गाला मी 'माझे घर' हा निबंध दिला होता. आमच्या गावाबाहेर हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात, तिथली एक मुलगी तेव्हा वर्गात बसायची. तिने नुसतं शीर्षक लिहून वही परत दिली. मला वाटलं, आळस केला. मी तिला चार शब्द सुनावलेही. वहीचं पान कोरं का राहिलं ते घरी आल्यावर लक्षात आलं.

बाबांनी समाजापुढे ठेवलेली दहा कामांची यादी आपल्या सर्वांना तोंडपाठ असते. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्यानागड्याला वस्त्र, गरीब मुलामुलींना शिक्षण. त्याच यादीत बेघरांना आसरा हेही आहे. ते आपण भाषणात म्हणतो आणि पुढे जातो. बाबांनी मात्र उभं आयुष्य त्यावर खर्च केलं.

मुलांना सांगताना सुरुवात त्यांच्या लहानपणापासून करा. 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव इथे त्यांचा जन्म झाला. पाळण्यातलं नाव देबूजी. वडील झिंगराजी, आई सखूबाई, आडनाव जानोरकर, समाज परीट. वडील दारूपायी गेले तेव्हा देबूजी अगदी लहान होते. आई त्यांना घेऊन माहेरी, दापुऱ्याला आली. म्हणजे बघा, स्वतःच्या बापाचं घर या मुलाच्या वाट्याला फारसं आलंच नाही. मामाकडे गुरं राखली, नांगर धरला. पुढे तिथेही सावकाराने निरक्षरपणाचा फायदा घेऊन मामांची जमीन गिळली. कागदावरच्या एका अंगठ्याने घरदार कसं जातं, हे देबूजींनी शाळेत न जाताच शिकून घेतलं.

लग्न झालं, कुंताबाईंशी. मुलीच्या बारशाला त्यांनी दारू-मटणाची रीत मोडून गोडाचं जेवण घातलं. गावाला ते रुचलं नाही, पण हा माणूस ऐकणाऱ्यातला नव्हता. आणि 1 फेब्रुवारी 1905 ला त्यांनी घर सोडलं. वय 28. अंगावर चिंध्यांचं वस्त्र, डोक्यावर मडक्याचं खापर, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा. त्या गाडग्यावरूनच लोकांनी नाव पाडलं.

इथे थांबून एक सांगतो. बायको-मुलांना मागे ठेवून निघून जाणं मला आजही सहज पचत नाही. वर्गातल्या एका मुलीनेही विचारलं, मग त्यांच्या घरच्यांचं काय झालं? हा प्रश्न टाळू नका. कुंताबाईंनी जे सोसलं, त्याची नोंद आपण कमी घेतली, हे मुलांना सरळ सांगावं.

आता त्यांची कामाची पद्धत पाहा, ही खरी शिकण्यासारखी आहे. गावात शिरले की आधी रस्ते, गटारं झाडायची. लोक बघायचे, मग एकेक जण हाताला लागायचा. संध्याकाळी त्याच साफ केलेल्या जागेवर कीर्तन. वऱ्हाडी बोलीत लोकांनाच प्रश्न विचारायचे, कर्ज काढून सण करू नका, नवसाला बकरं कापू नका, पोरांना शाळेत घाला, हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं. कीर्तनानंतर देणगी यायची. कोणी रुपया द्यायचं, कोणी धान्य, ज्याच्याकडे दोन्ही नाही तो अंगमेहनत द्यायचा. स्वतः बाबा पैशाला हात लावत नसत. हिशेब विश्वासातली माणसं ठेवायची. सुरुवात झाली ती ऋणमोचनच्या यात्रेपासून. पूर्णा नदीच्या काठी लोक घसरत, चिखल तुडवत जायचे, तिथे त्यांनी लोकवर्गणी आणि श्रमदानातून घाट बांधला.

मग धर्मशाळा. नाशिक, देहू, आळंदी, पंढरपूर. जिथे गरीब माणूस यात्रेला येतो आणि रात्री उघड्यावर पडतो, तिथे छप्पर. त्यासोबत सदावर्त, आंधळ्या-पांगळ्यांसाठी अन्नछत्र. यातली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा वर्गात जरा सावकाश शिकवा. 1920 च्या आसपासचा काळ. अस्पृश्य मानलेला वारकरी शेकडो मैल चालून यायचा. त्याला विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नाही, ते तर होतंच (देऊळ खुलं व्हायला 1947 साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं), पण रात्री पाठ टेकायला इतरांच्या धर्मशाळेचा ओटाही नाही. म्हणजे पैसे असले तरी तो बेघरच. बाबांनी त्यांच्यासाठी पक्की इमारत उभी केली. 1949 मध्ये हीच वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. वर्गणी गोळा करून बांधलेली इमारत सहज देऊन टाकणारा माणूस आपण आज किती ठिकाणी पाहतो? आपल्याकडे तर पंखा दिला तरी पात्यांवर नाव असतं.

आपल्या नात्यातल्या कोणाचाही या संस्थांवर हक्क राहू नये, अशीच व्यवस्था त्यांनी केली. 1923 साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली. त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. हा प्रसंग लहान मुलांना सांगायचा की नाही, ते तुमच्या वर्गाकडे पाहून ठरवा. मी सांगितला नाही.

मुंबईचं वेगळं. तिथे यात्रेकरू नव्हते, रुग्ण होते. मोठ्या दवाखान्यात खेड्यातला माणूस आणला की त्याच्या बायकोने, आईने राहायचं कुठे? फुटपाथवर. म्हणून जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा झाली. 1952 ला गाडगे महाराज मिशन स्थापन झालं आणि काम संस्थेच्या हाती गेलं. पुढे त्याच वाटेने दादरची धर्मशाळा उभी राहिली. टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घ्यायला आलेले लोक तिथे उतरतात. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब तिथे राहून आलं. शहरात ओळखीचं कोणी नव्हतं, ते दिवस तेवढ्या एका खोलीवर निघाले, असं ते सांगतात.

बाबा स्वतः मात्र कुठल्याच धर्मशाळेचे झाले नाहीत. झाडाखाली, ओट्यावर, मिळेल तिथे ते निजायचे. 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीकडे जाताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर त्यांचा प्राण गेला. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा दोनच आठवडे झाले होते.

तासाला हे सगळं सांगून झाल्यावर मी फळ्यावर नकाशा काढला आणि शेंडगाव, ऋणमोचन, नाशिक, पंढरपूर, मुंबई अशा खुणा मुलांकडून करून घेतल्या. तुम्हीही करून बघा, पाचवीपर्यंत छान जमतं. त्या मुलीची मी दुसऱ्याच दिवशी माफी मागितली होती, सगळ्यांसमोर. 'माझे घर' हा विषय काढून टाकला आणि 'मी रात्री झोपतो ती जागा' असा दिला. ती दोन पानं लिहून आली. कोपीत बैलांच्या घंटा ऐकू येतात, पाऊस आला की आई आधी पीठ उचलते आणि मग धाकट्या भावाला, असं तिने लिहिलं होतं. मार्चमध्ये हंगाम संपला आणि ते लोक गेले. वही तिने सोबत नेली.